माळावरचे गिअर

बेळगावच्या कॅम्पात सायकल चालवणाऱ्याला जमीन सपाट असल्याची खात्री पटायला वेळ लागत नाही. छावणी वसवायची तर मोकळी, समतल जागा हवी, आणि १८३२मध्ये इथे कॅन्टोन्मेंट उभे राहिले तेव्हा ती समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीच्या या पठारावर सहज मिळाली. झाडांच्या सावलीतला खानापूर रोड, मराठा लाइट इन्फंट्रीच्या मैदानांभोवतीचे सरळ रस्ते आणि पूर्वेला सांबरा विमानतळाकडे जाणारा बागलकोट रस्ता पाहून नव्याने रोड बाईक घेणारा माणूस एक निष्कर्ष काढतो. चढ नाही, तेव्हा हलक्या गिअरची गरज नाही. सपाटीवर वेग येतो, तेव्हा जड गिअर हवा. दुकानातही त्याला हेच ऐकू येते. पुढे मोठी चकती आणि मागे अकरा दात्यांची बारीक चकती असली की सायकल ‘फास्ट’ समजली जाते. या निष्कर्षाचा पहिला अर्धा भाग बराचसा बरोबर आहे. दुसरा अर्धा मला मान्य नाही. सपाट प्रदेशात जड गिअरचा उपयोग फार थोडा. तिथे गरज असते ती एकमेकांना अगदी लागून असलेल्या मधल्या गिअरांची, आणि बाजारात मिळणाऱ्या बहुतेक सायकलींत नेमकी त्यांचीच वाण असते.

गिअरची चर्चा दात्यांच्या आकड्यांत अडकली की काही हाती लागत नाही. पॅडलच्या एका पूर्ण फेऱ्यात सायकल किती मीटर पुढे सरकते, एवढे काढले की चित्र स्वच्छ होते. रोड बाईकच्या नेहमीच्या चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर. पुढे ५० दाते आणि मागे १९ असतील तर एका फेऱ्यात ती साडेपाच मीटर जाते, आणि मिनिटाला ८५ फेरे मारणारा माणूस ताशी २८ किलोमीटरने चालतो. हेच गणित आता दूधवाल्याच्या काळ्या सायकलीला लावून पाहा. तिला पुढे साधारणपणे ४४ किंवा ४८ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ किंवा २०. चाक मोठे, परीघ सव्वादोन मीटरच्या आसपास. म्हणजे एका फेऱ्याला साधारण पाच ते सहा मीटर. रोड बाईकच्या भाषेत पुढे ५० आणि मागे १७ ते २२ यांच्या दरम्यान कुठेतरी. देशात सगळीकडे चालेल असा एकच गिअर निवडायची पाळी लुधियाना-सोनिपतच्या कारखान्यांवर आली तेव्हा त्यांनी हा पट्टा निवडला, आणि दोन कॅन लटकवून, कधी डबलसीट घेऊन, पन्नाससाठ वर्षे माणसांनी तो निभावून नेला. हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो, कारण तो जाहिरातीतून आलेला नाही. सपाट मुलखात माणसाचा पाय कुठे रमतो ते त्या एकाच फ्रीव्हीलने कधीच दाखवून दिले आहे. महागड्या कॅसेटमध्ये अकरा चकत्या असल्या तरी रोजच्या चालवण्यातला बहुतेक वेळ याच पट्ट्यातल्या तीनचार चकत्यांवर जातो. एखाद्या जुन्या कॅसेटचे दाते नीट पाहिले तर तीही हेच सांगते: मधल्या चकत्या झिजून टोकदार झालेल्या आणि कडेची चकती जवळजवळ नवी.

ती कडेची चकती म्हणजे अकरा दात्यांची. ५०/११ या जोडीत एका फेऱ्याला साडेनऊ मीटर पडतात. मिनिटाला ९० फेऱ्यांनी हा गिअर ओढायचा तर ताशी ५१ किलोमीटरचा वेग हवा. हवेला कापत जाण्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते; ताशी ३० वरून ५० वर जायचे तर हवेपोटी द्यावी लागणारी ताकद साडेचार पटींहून जास्त होते. वाऱ्याची साथ किंवा उतार नसताना ही मजल कॅम्पातल्या कुणाही हौशी स्वाराच्या आवाक्यातली नाही, आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखे काहीही नाही. एडी मर्क्सने १९७२मध्ये मेक्सिको सिटीच्या ट्रॅकवर तासाभरात ४९.४३१ किलोमीटर कापून विक्रम केला तेव्हा त्याच्या सायकलीला एकच गिअर होता, ५२/१४, म्हणजे फेऱ्याला आठ मीटरांहून किंचित कमी. घोटून गुळगुळीत केलेला ट्रॅक, सव्वादोन हजार मीटरांवरची विरळ हवा आणि त्या काळचा जगातला सर्वांत बलवान स्वार, असा सगळा योग जुळूनही चौदा दात्यांनी काम भागले. यावर कुणी म्हणेल की जग पुढे गेले आहे. फिलिप्पो गान्नाने २०२२मध्ये तासाला ५६.७९२ किलोमीटर कापले ते ६५/१४ अशा अजस्र गिअरवर. खरे आहे. पण ट्रॅक तर दोघांच्याही वेळी सपाटच होता. बदलला तो वेग, आणि गिअर वाढला तो त्या वेगामागोमाग. गिअर स्वाराच्या वेगावरून ठरतो, जमिनीच्या सपाटपणावरून आपोआप ठरत नाही. ताशी २५ ते ३० किलोमीटरने जाणाऱ्याला ५०/११ देणे म्हणजे आठव्या नंबरच्या पायाला बाराव्या नंबरचा बूट देणे.

आता सपाटीकडेच जरा बारकाईने पाहू. बेळगावचे पठार टेबलासारखे नाही. पाणी वाहायला वाट हवी म्हणून ते नाल्याओढ्यांकडे हळूच कलते आणि पलीकडे तितकेच हळू वर येते; हिंडलग्याच्या बाजूला मार्कंडेयच्या खोऱ्याकडे जाताना हे लक्षात येते, तेही मोटारीतून येत नाही. शंभर मीटरला दीड मीटरचा चढ डोळ्याला दिसत नाही. पायाला मात्र तो लगेच कळतो. स्वार, सायकल आणि पाणी मिळून ८० किलो वजन धरले, तर सपाट रस्त्यावर वारा नसताना ताशी २८ किलोमीटरने जायला साधारण १३० वॅट पुरतात. तेवढीच ताकद ठेवून हा न दिसणारा चढ चढायचा तर वेग २० वर येतो. मग वारा मोजा. समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा असला, म्हणजे झाडाची पाने आणि बारीक फांद्या हलत राहतील इतकाच, तरी त्याच १३० वॅटमध्ये वेग पुन्हा २० च्या आसपासच येतो. दीड टक्क्याचा चढ आणि हा मध्यम वारा यांचे ओझे जवळजवळ सारखे. फरक इतकाच की चढ पाचशे मीटरांवर संपतो आणि वारा सांबऱ्यापासून कॅम्पापर्यंत संपत नाही. मिरगापासून पुढचे तीनचार महिने तो पश्चिमेकडून, सह्याद्रीच्या खिंडींतून येतो. तेव्हा सांबऱ्याकडे जाताना स्वाराला आपण फार चांगले चालवतो आहोत असे वाटते आणि परतताना तोच माणूस खचून जातो. हिवाळ्यात वारा बहुधा पूर्वेकडून वाहतो, तेव्हा हाच हिशेब शिनोळी-चंदगड रस्त्यावर उलटा लागू होतो. पाठीशी तोच पंधराचा वारा असला तर वेग ३७ च्या घरात जातो. म्हणजे एकाच सपाट रस्त्यावर, एकाच ताकदीने, एकाच सकाळी २० पासून ३७ पर्यंतचे वेग येऊ शकतात. मिनिटाला ८५ फेरे कायम राखायचे तर वाऱ्याविरुद्ध पुढच्या लहान चकतीवरचा, ३४/१८ च्या जवळचा गिअर लागेल, वाऱ्याबरोबर ५०/१४ च्या जवळचा. सपाट प्रदेशाला किती गिअर लागतात याचे उत्तर या दोन टोकांच्या मध्ये आहे. मागची अकरा दात्यांची आणि बत्तीस दात्यांची, दोन्ही चकत्या त्याच्या बाहेर राहतात.

सपाटीची आणखी एक गोष्ट घाटात राहणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. घाटातला माणूस चढताना झिजतो आणि उतरताना विसावतो. माळावर उतार नाही म्हणून विसावाही नाही. दोन तास म्हणजे दोन तास पाय फिरतच राहतात, दहा हजारांच्या आसपास फेरे होतात. इतक्या वेळा एकच हालचाल करणाऱ्या गुडघ्याला प्रत्येक फेऱ्यातला थोडासा जास्तीचा जोरही जाणवतो. त्यामुळे चकत्यांमधले अंतर इथे कळीचे होते. आठ चकत्यांचा ११-३२ संच घ्या. स्वस्त रोड बाईकवर तो सर्रास दिसतो. त्याचे दाते ११, १३, १५, १८, २१, २४, २८, ३२ असे. नेमक्या आपल्या कामाच्या जागी, १५ आणि १८ च्या मध्ये, वीस टक्क्यांची उडी आहे. १८ वर ८५ फेऱ्यांनी सुखात चाललेला माणूस वाऱ्याने जरा साथ दिली म्हणून पुढचा गिअर टाकतो आणि त्याच वेगाला त्याचे फेरे एकदम ७१ वर येतात. तिथे जड वाटते म्हणून तो परत मागे येतो, तिथे पाय रिकामे फिरल्यासारखे वाटतात. वाऱ्याची एवढीशी झुळूक आणि हा माणूस सकाळभर दोन चकत्यांमध्ये येरझारा घालतो. अकरा चकत्यांच्या १२-२५ संचात १२ पासून १९ पर्यंत एकही दाता गाळलेला नाही. १७ वरून १६ वर आले तर ८५ चे ८० होतात, पायाला कळते पण खुपत नाही. वारा वाढला की एक मागे, पडला की एक पुढे. माळावरच्या वाऱ्याचे चढउतारही असेच थोडेथोडे असतात, आणि गिअरांच्या पायऱ्या त्यांच्या मापाच्या असल्या म्हणजे स्वार वाऱ्याशी भांडत नाही. माझ्या मते या मुलखासाठी याहून नेमका संच १४-२८ हा होता. तो कनिष्ठ गटातल्या स्पर्धकांसाठी बनवला होता, कारण त्यांना फेऱ्याला ७.९३ मीटरांपेक्षा मोठा गिअर वापरायला आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची बंदी होती. त्यात १४ पासून २१ पर्यंत सलग दाते येतात. ती बंदी २०२३च्या सुरुवातीपासून उठली. स्पर्धेतली मुले त्यातून मोकळी झाली. पण ज्या संचाला आपण मुलांचा म्हणून नाक मुरडले, तो प्रौढ हौशी स्वाराच्या पायाला किती जुळता होता हे कुणी फारसे बोलून दाखवले नाही.

यावर एक आक्षेप विचारपूर्वक घेतला जातो. ८५ फेरे हा सगळ्यांचा नियम नव्हे. कित्येक स्वार ६५-७० फेऱ्यांनी, जड गिअर दाबत, आयुष्यभर मजेत चालवतात. आणि मध्यम ताकदीला ६० ते ७० फेऱ्यांमध्ये शरीर ऑक्सिजन कमी खर्च करते, असे शरीरशास्त्राच्या अभ्यासांतही दिसले आहे. हे मला मान्य आहे, आणि सगळ्यांना एकाच तालावर नाचवण्याची माझी इच्छाही नाही. पण मग सत्तरच फेरे धरून हिशेब पुन्हा मांडू. ताशी २८ किलोमीटरला फेऱ्यामागे ६.७ मीटर लागतील, म्हणजे ५०/१६. वाऱ्याची चांगली साथ असलेल्या ३७ च्या वेगाला ५०/१२. जड गिअर आवडणाऱ्यालाही अकराचा दाता लागतच नाही, आणि त्याचाही मुक्काम मधल्या चकत्यांवरच पडतो, फक्त दोनतीन दाते अलीकडे. जवळच्या पायऱ्यांची गरज त्याला उलट जास्त आहे, कारण हळू फिरणाऱ्या पायावर आधीच जोर असतो आणि वीस टक्क्यांची उडी त्याला अधिक बोचते. शिवाय बारीक चकतीवर चेन तीव्र कोनात वळते, घर्षण वाढते, दाते लवकर झिजतात. तीच ताकद मोठ्या चकत्यांवरून नेली तर वाया कमी जाते. हा फायदा एकेका सकाळी नगण्य असतो, वर्षभरात चेनवर दिसतो.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो हलका नाही. सायकल कंपनी ठरवेल त्या गिअरांसह येते; एकच मॉडेल पुण्यातही विकायचे आणि मनालीतही, म्हणून ती पुढे ५०/३४ आणि मागे जमेल तितका रुंद संच बसवून मोकळी होते. नवी सायकल घेतल्याबरोबर चांगली कॅसेट काढून टाका असे कुणालाही सांगू नये. पण कॅसेट ही झिजणारी वस्तू आहे. ती बदलायची वेळ येतेच, आणि त्या दिवशी दुकानदाराला ‘होती तशीच द्या’ म्हणायचे की आपल्या रस्त्याचा विचार करून मागायची, एवढेच ठरवायचे असते. आठ चकत्यांतही १२-२५ किंवा १३-२६ असे संच असतात, आणि त्यांत १५, १७, १९, २१, हा मधला भाग एकसारखा लागतो. पुढची ५० ची चकती बदलून ४६ ची घेता आली तर आणखी बरे, म्हणजे रोजचा गिअर मागच्या संचाच्या बरोबर मध्यावर येतो आणि चेन सरळ चालते. पण तो खर्च मोठा, पहिल्या दिवशी करण्याजोगा नव्हे. ऊस गाळपाच्या दिवसांत निपाणी-संकेश्वरकडचे रस्ते ट्रॉल्यांनी भरतात. दर काही मिनिटांनी वेग कमी करावा लागतो, कधी पाय टेकावा लागतो, पुन्हा उठावे लागते. अशा वेळी पुढची ३४ ची चकती उपयोगी पडते, म्हणून ती काढून टाकू नये. पुढे एकच मोठी चकती ठेवण्याची हौस माळावरही ठीक नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप घाटांचा. बेळगावात राहून कोण माळावरच थांबणार आहे? आंबोली आहे, तिलारी आहे, चोर्ला आहे. घराजवळच येळ्ळूरचा राजहंसगड आहे. इथे भूगोल नीट पाहिला तर आक्षेपाची धार बदलते. शहर पठारावर आहे आणि घाट पठाराच्या कडेला. आंबोली गाव स्वतः जवळजवळ सातशे मीटरांवर आहे, त्यामुळे बेळगावहून तिथे जाऊन परतणाऱ्याला खरा घाट लागतच नाही. लागते ती साठपासष्ट किलोमीटरांची लाटांसारखी उंचसखल वाट आणि पावसाळ्यात समोरून येणारा वारा, म्हणजे पुन्हा जवळच्या गिअरांचेच काम. निपाणीहून बेळगावकडे महामार्गाने येताना तवंदीचा आणि पुढे वंटमुरीचा घाट लागतो. महामार्ग भरलेल्या ट्रकसाठी आखतात. डोंगरी भागातही वीस मीटरला एक मीटर, म्हणजे पाच टक्के, हा भारतीय रस्ते काँग्रेसचा नेहमीचा निकष. पाच टक्क्यांच्या चढावर त्याच ८० किलोंना दीडशे वॅटच्या जोरावर ताशी १२ किलोमीटर मिळतात, आणि ३४/२५ वर त्याला मिनिटाला सत्तर फेरे पडतात. हे मुळीच ओढूनताणून नाही. म्हणजे माळासाठी निवडलेला १२-२५ संच निपाणीपर्यंतची पंचाहत्तर किलोमीटरची वाट निभावतो. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब फेरीला, साडेतेरा तास मिळतात, म्हणजे सरासरी ताशी १५ किलोमीटरही लागत नाही, आणि त्या हिशेबाने पाहिले तर हा संच लांब पल्ल्यालाही पुरेसा ठरतो.

चोर्ला मात्र वेगळा. जांबोटी, कणकुंबीपर्यंत पठारावरून जायचे आणि मग गोव्याकडे खाली उतरायचे. पुण्याहून सिंहगडला जाणारा माणूस ताज्या पायांनी चढतो आणि उतरत घरी येतो. बेळगावकराचा दिवस उलटा. त्याचा चढ परतीच्या वाटेवर, उन्हात, पाय आधीच आंबलेले असताना येतो. जिथे चढ आठ टक्क्यांवर जाईल तिथे दीडशे वॅटमध्ये ३४/२५ वर मिनिटाला ४५ च्या आसपास फेरे होतात, आणि तेवढ्यावर तासभर चढत राहणे गुडघ्यांवर अन्याय आहे. ३४/३२ वर तेच साठाच्या जवळ जातात. राजहंसगडाच्या माथ्याकडच्या उभ्या रस्त्यालाही हेच लागू. त्या दिवशी रुंद संच हवा, यात मला तिळमात्र शंका नाही. पण वर्षातल्या मोजक्या दिवसांसाठी उरलेल्या सगळ्या सकाळी वीस टक्क्यांच्या उड्या मारत का काढायच्या? टूर डी फ्रान्समध्ये १९३७पर्यंत स्पर्धकांना डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारे यंत्र, वापरायची परवानगीच नव्हती. मागच्या चाकाला दोन्ही अंगांना वेगवेगळ्या चकत्या लावलेल्या असत, आणि घाटाच्या पायथ्याशी स्वार खाली उतरून चाक काढून उलटे बसवत. सपाटीला एक बाजू, डोंगराला दुसरी. त्या सक्तीत एक शहाणपण होते, आणि आपल्याला ते फार कमी कष्टात वापरता येते. घरात दोन कॅसेट ठेवायच्या, रोजची १२-२५ आणि चोर्ल्याची ११-३२. लॉकरिंगची किल्ली आणि चकती धरायचा चेनचा पट्टा एवढी दोन हत्यारे असली की आदल्या संध्याकाळी पंधरावीस मिनिटांत अदलाबदल होते. त्याआधी मागच्या डिरेलरला बत्तीस दाते झेपतात का हे दुकानात विचारून घ्यावे, चेनची लांबी बत्तीसच्या हिशेबाने ठेवावी आणि दोन्ही कॅसेट आलटून पालटून एकाच चेनखाली वापरत राहाव्यात, म्हणजे एक झिजलेली आणि एक कोरी राहून चेन दात्यांवरून उडण्याची वेळ येत नाही.